रिस्टोर शंभर टक्के झालं, तरी मशीन उठेना

प्रश्न : नमस्कार. नारायण पेठेत माझं डीटीपीचं छोटंसं ऑफिस आहे, मी आणि अजून एक मुलगी अशा दोघीच आहोत, पुस्तकं, दिवाळी अंक, थिसिस, लग्नपत्रिका सगळं करतो. मेन मशीन जुनं, असेंबल केलेलं आहे, आधी विंडोज ७ होतं त्यावरच पुढे १० अपग्रेड केलं. त्याची ५०० जीबीची हार्डडिस्क टकटक आवाज करायला लागली म्हणून मी घाबरून एक्स्टर्नल डिस्कवर इमेज बॅकअप (ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल) घेतला, सी आणि डी दोन्ही ड्राइव्हचा. मग दोन दिवस मशीन उघडूनच पडलं होतं, एसएसडी आली तशी बसवली, पेनड्राइव्हवरून बॅकअपचं सॉफ्टवेअर चालू करून इमेज रिस्टोर केली, तीन तासांनी शंभर टक्के सक्सेसफुल आलं. मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, की योग्य बूट डिव्हाइस निवडा आणि की दाबा. परत रिस्टोर केलं, तेच. एकूण तीन वेळा केलं. शेजारच्या क्लासमधल्या मुलाने एसएसडी केसमध्ये घालून त्याच्या लॅपटॉपला लावून बघितली तर सगळ्या फायली दिसतात, उघडतात पण! रिपेअरवाले दादा म्हणतात फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू, अर्ध्या तासाचं काम. पण पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट, कीबोर्डचं सेटिंग सगळं त्या विंडोजमध्येच बसवलेलं आहे, सीड्या आता सापडत नाहीत आणि दिवाळी अंकाचे सहा फर्मे (छापायच्या पानांचे गठ्ठे) अडकलेत. अजून एक, संबंध आहे का माहीत नाही, गुरुवारी लाईट गेली की या मशीनचं घड्याळ मागे पडायचं, आम्ही हाताने नीट करायचो, आणि आता रिस्टोरच्या स्क्रीनवर तर तारीख २०१५ ची दिसत होती. फॉरमॅट मारू का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नका मारू ताई. तुमचं काम अडलेलं होतं म्हणून अंक छापून यायची वाट न बघता आम्ही तुमच्याशी फोनवर बोललो, त्यामुळे नुसतं काय करा एवढंच नाही तर प्रत्यक्ष काय निघालं तेही इथे सगळ्यांसाठी लिहितोय, कारण अशाच अवस्थेत फॉरमॅट मारून वर्षानुवर्षांचं काम घालवलेली माणसं मी बघितलीयत आणि त्यातल्या बहुतेकांचा डेटा शेवटपर्यंत सुखरूप होता.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपवर फायली उघडतात. म्हणजे रिस्टोर बरोबर झालंय, डेटा आहे, विंडोज आहे, पेजमेकर आणि फॉन्टही त्याच विंडोजच्या पोटात आहेत. नाही ती फक्त सुरुवात. तुमच्या धंद्यातलंच सांगायचं तर बाइंडरकडे सगळे फर्मे पोचलेत पण कुठून सुरू करायचं ती चिठ्ठीच पोचली नाहीये. अशा वेळी चौथ्यांदा रिस्टोर करून उपयोग नसतो, तेच फर्मे परत पाठवल्यासारखं ते, चिठ्ठी त्यात पहिल्यापासूनच नाही.

ही चिठ्ठी असते कुठे? मशीन चालू झालं की आधी मदरबोर्डवरचा बायॉस जागा होतो, त्याला विंडोज वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त ठरलेल्या जागी बघायचं माहीत असतं. जुन्या पद्धतीत ती जागा म्हणजे डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाइटचा, त्याला एमबीआर म्हणतात, १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर आलेली पद्धत आहे ही. त्यातले ४४६ बाइट म्हणजे छोटासा प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनची यादी आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये खूण. तो प्रोग्राम ॲक्टिव्ह खूण असलेल्या पार्टिशनकडे बोट दाखवतो, तिथली बूटएमजीआर नावाची फाइल उठते आणि ती मग विंडोजला उठवते. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, डिस्क जीपीटी प्रकारची असते आणि तिच्यावर फॅट३२ मधलं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, साधारण १०० एमबीचं, बूटच्या फायली त्यात, आणि कुठली फाइल उठवायची याची नोंद मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत. दोन्हीत मुद्दा एकच, बूटचं सामान बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या बाहेर असतं! माय कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी एवढंच दिसतं म्हणून आपण तेवढ्याचाच बॅकअप घेतो आणि ते न दिसणारं छोटं पार्टिशन मागे राहतं. तुमचं विंडोज ७ वरून आलेलं, त्यात ते सिस्टीम रिझर्व्ड नावाचं १०० एमबीचं पार्टिशन असणार हे पत्र वाचतानाच वाटलं होतं.

पण त्याआधी ती २०१५ ची तारीख. तुम्ही संबंध आहे का माहीत नाही म्हणालात, संबंध आहे आणि चांगलाच आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. लाईट नसताना घड्याळ तो चालवतो आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायॉसची सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकलेली असतात. सेल अशक्त झाला की आधी घड्याळ मागे पडायला लागतं, गुरुवारच्या चार-पाच तासांत तुम्हाला तेच दिसत होतं. मग डिस्क बदलायला वायर काढली, दोन दिवस मशीन उघडं पडलं आणि सेलने जीव सोडला. तारीख गेली ती दिसली, सेटिंग गेली ती दिसली नाहीत. फॅक्टरी सेटिंगला गेलेला बोर्ड फक्त यूईएफआय पद्धतीने बूट करायला बघत होता, आणि तुमचं विंडोज जुन्या पद्धतीचं, मग त्याला ती डिस्क बूट करण्यासारखी वाटणारच नाही.

म्हणून फोनवर पहिलं काम हे सांगितलं की तपकीर गल्लीतून तो सेल आणा, शंभराच्या आत येतो, वायर काढून बदला, मग डिलीट की दाबून बायॉसमध्ये जा, तारीख नीट करा आणि बूटच्या पानावर सीएसएम किंवा लेगसी असं जे काही असेल ते, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू करा. लॅपटॉपवर ही की एफ२ असते, कुठे एफ१०, कंपनीप्रमाणे बदलते. तिथे असतानाच साटाचा, म्हणजे डिस्क ज्या जोडणीवर लावलीय तिचा, मोडही बघून घ्यायचा, एएचसीआय की रेड, आणि विंडोज आधी ज्या मोडवर चालत होतं तोच ठेवायचा. तो बदलला तर काळ्या स्क्रीनऐवजी निळी स्क्रीन येते आणि इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं लिहिलेलं असतं. तसं कुणाला आलं तर आधी मोड परत फिरवून बघा, आणि जुना मोड मिळतच नसेल तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करून मग नॉर्मल रीस्टार्ट करा, पुष्कळदा तेवढ्यात विंडोज योग्य ड्रायव्हर धरतं.

सेल बदलल्यावर ताईंचा फोन आला, आवाज पडलेला, की काही झालं नाही, अजूनही काळंच आहे. मी म्हणलं ओळ वाचून दाखवा. तर ओळ बदललेली होती! आता बूटएमजीआर इज मिसिंग असं येत होतं. ही चांगली बातमी असते, कारण बायॉसने आता डिस्क ओळखली, पहिला सेक्टर वाचला, पार्टिशनपर्यंत पोचला आणि तिथे ती फाइल मिळाली नाही म्हणून थांबला. रिपेअर करताना प्रत्येक वेळी स्क्रीनवरची ओळ शब्दन् शब्द लिहून ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा, काळी स्क्रीन येते एवढंच सांगितलं तर पुढच्या माणसाला काही कळत नाही.

आता राहिली चिठ्ठी, ती नवीन लिहिता येते. त्यासाठी विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लागतो, दुसऱ्या कुठल्याही मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट बनतो, ८ जीबीचा पुरतो, फक्त त्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. बूट मेन्यूमध्ये हा पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. आपली डिस्क ज्या पद्धतीची असेल तोच निवडायचा, इथे नुसता. भाषेचं पान आलं की इन्स्टॉल करायचं नाही, शिफ्ट धरून एफ१० दाबायचं, काळी खिडकी उघडते. त्यात डिस्कपार्ट टाइप करून एंटर, मग लिस्ट डिस्क. शेवटच्या जीपीटीच्या रकान्यात आपल्या डिस्कपुढे चांदणी असेल तर ती जीपीटी, नसेल तर एमबीआर. ताईंची एमबीआरच निघाली, नवीन एसएसडीवर रिस्टोरच्या सॉफ्टवेअरने जीपीटी केली असती तर काम वाढलं असतं कारण जुन्या बायॉस पद्धतीने विंडोज जीपीटी डिस्कवरून बूटच होत नाही.

मग लिस्ट व्हॉल्यूम बघायचं आणि इथे घाई नको, कारण या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. साइजवरून ओळखा, आणि डिस्कपार्टमधून बाहेर येऊन डीआयआर (ड्राइव्हमधली यादी दाखवणारी कमांड) करून विंडोज नावाचं फोल्डर खरंच त्यात आहे का बघा. ताईंच्या मशीनवर ते सीच होतं. डिस्कपार्टमध्ये तो व्हॉल्यूम सिलेक्ट करून ॲक्टिव्ह एवढी कमांड दिली, आधीच ॲक्टिव्ह असेल तरी बिघडत नाही, पण फक्त एमबीआर डिस्कवरच द्यायची. मग एक्झिट, आणि खरी कमांड, बी सी डी बी ओ ओ टी असं सलग, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, बायॉस. फाइल तयार झाल्याचा मेसेज आला. त्यानंतर बूटसेक्ट, स्पेस, स्लॅश एनटी६०, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एमबीआर, यानं पहिला सेक्टर नव्याने लिहिला जातो, पार्टिशनची यादी तशीच राहते. म्हणजे जे १०० एमबीचं पार्टिशन मागे राहिलं होतं त्याचं काम आता सी ड्राइव्हच करेल, वेगळं पार्टिशन करायची गरज नाही.

कुणाचं मशीन यूईएफआयचं असेल तर तिथे ॲक्टिव्ह वगैरे काही नाही, ते फॅट३२ चं छोटं पार्टिशन लागतंच. ते रिस्टोरमध्ये आलं असेल तर डिस्कपार्टमधून त्याला एस असं अक्षर द्या आणि त्याच कमांडमध्ये शेवटी सी कोलनच्या जागी एस कोलन आणि बायॉसच्या जागी यूईएफआय लिहा. आलंच नसेल तर सी ड्राइव्ह ३०० एमबीने आक्रसून तिथे ईएफआय प्रकारचं पार्टिशन करायचं, फॅट३२ ने फॉरमॅट करायचं, अक्षर द्यायचं आणि मग हीच कमांड. इंटरनेटवर सगळीकडे बूटरेक स्लॅश फिक्सबूट ही कमांड सांगतात, यूईएफआय मशीनवर ती हल्ली ॲक्सेस डिनाइड म्हणून अडते, तिच्यामागे अर्धा दिवस घालवू नका.

रीस्टार्ट करण्याआधी पेनड्राइव्ह काढायचा आणि जुनी डिस्क जोडलेली असेल तर तीही काढायची, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. डिस्कवर तिची एक ओळख नोंदलेली असते आणि बॅकअपमधून पूर्ण डिस्क उतरवली तर तीच ओळख नव्या डिस्कवरही येऊ शकते, दोघी एकत्र दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा अक्षरांचा गोंधळ होतो. शिवाय टकटक करणारी डिस्क सारखी सारखी लावून बघूच नये. ती पिशवीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा, बॅकअपमधून काही सुटलं असेल तर ते फक्त तिच्यावरच आहे आणि ती अजून किती तास चालेल सांगता येत नाही.

ताईंचं मशीन उठलं. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं लागली, मग डेस्कटॉप आला, पेजमेकर उघडलं आणि अक्षरं मराठीच दिसली. नवीन विंडोज टाकलं असतं तर फायली त्याच राहिल्या असत्या पण उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला असता, कारण ते जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत, फॉन्ट नसला की मजकूर वाचताच येत नाही. रिपेअरवाल्या दादांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या दृष्टीने डेटा म्हणजे फायली, पण डीटीपीवाल्याचा डेटा म्हणजे फायली अधिक फॉन्ट अधिक कीबोर्डचं सेटिंग, आणि हे आपणच त्यांना सांगायला पाहिजे.

फर्मे प्रेसला गेले की ताई तुम्ही एक करा, परत इमेज घ्या, या वेळी नुसते सी आणि डी ड्राइव्ह न निवडता वरची पूर्ण डिस्क निवडा. आणि त्याच सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह लावून ती इमेज एखाद्या रिकाम्या डिस्कवर उतरवून, फक्त ती डिस्क लावून मशीन खरंच चालू होतंय का बघा, दिवाळीनंतर, कामं कमी असताना. फॉन्टचं फोल्डर तर आजच वेगळं कॉपी करून ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे या मशीनवर ईमेल आणि बँकेचे व्यवहार करू नका, नुसतं पेजमेकरला ठेवा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. बॅकअपच्या पेनड्राइव्हवरून चालू होईना म्हणून कुणीतरी सांगितलं तसं सिक्युअर बूट बंद केलं. रिस्टोर काही केलंच नाही, पण आता निळ्या पानावर ४८ आकडी की मागतोय. मी असला कुठलाही पासवर्ड कधी लावलेला नाही. मुलगा परदेशात असतो, त्याची रात्र असते.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, तुम्ही लावला नव्हता हे खरंच आहे, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, आपोआप चालू होतं. त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि ती चिप, बायॉसमध्ये काही बदललेलं दिसलं की किल्ली द्यायला नकार देते, चोराने लॅपटॉप उघडला असेल असं धरून. त्यामुळे पहिलं साधं काम, बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट होतं तसं परत चालू करा, पेनड्राइव्ह काढा आणि चालू करून बघा, बहुतेकदा की न मागता सुरू होतं.

तरी मागितलीच तर मोबाइलवर, लॅपटॉपला जे ईमेल वापरलंय त्याच ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जा, तिथे डिव्हाइसच्या माहितीत बिटलॉकरची रिकव्हरी की ठेवलेली असते. एकापेक्षा जास्त दिसल्या तर निळ्या पानावर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत, सावकाश टाका, चुकलं तरी परत टाकता येतं. लॅपटॉप मुलाने सेट करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये असण्याची शक्यता जास्त, मग सकाळपर्यंत थांबा, पण तोपर्यंत कुणालाही रीसेट किंवा फॉरमॅट करू देऊ नका. की सापडली की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. आणि पुढे कधी बायॉसला हात लावायचा झाला तर आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड करायचं.

प्रश्न : हॉस्टेलवर राहतो, उबुंटू (लिनक्स) वापरतो. जुन्या डिस्कवरून आरसिंक कमांडने सगळं नव्या एसएसडीवर कॉपी केलं, ग्रब (चालू होताना मेन्यू दाखवणारा प्रोग्राम) पण टाकलं, मेन्यू येतो, पण निवडल्यावर दीड मिनिट नुसता थांबतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातो. जुनी डिस्क लावली की नीट चालतं. परवा सबमिशन आहे सर!
— एक विद्यार्थी, कात्रज

उत्तर : ते दीड मिनिटच सांगतंय काय झालंय. सिस्टमडी, म्हणजे उबुंटूला सुरू करणारा प्रोग्राम, एखाद्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं, नाही आली की हात टेकतं. तू पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलंस म्हणजे त्यांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) नवीन झाले, पण कॉपी होऊन आलेल्या एफएसटॅबच्या फायलीत, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत, जुनेच लिहिलेत, म्हणून जुनी डिस्क लावली की चालतं, तेव्हा तो काही भाग जुन्या डिस्कवरूनच घेतोय. म्हणजे तुझं आत्ताचं काम कुठल्या डिस्कवर सेव्ह होतंय ते आधी बघ, सबमिशनची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी काढ आणि मगच पुढचं.

लाइव्ह पेनड्राइव्हने चालू कर, बीएलकेआयडी कमांडने नवे यूयूआयडी बघ आणि ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅबमध्ये रूट, होम, स्वॅप आणि ईएफआयचं पार्टिशन असे सगळे बदल. स्वॅपची ओळ लोक विसरतात, आणि ईएफआयचा यूयूआयडी छोटा असतो, चार-चार अक्षरांचा, तो नजरेतून सुटतो. मग नवी डिस्क माउंट करून सीएचरूट कर, म्हणजे त्या डिस्कवरच्या उबुंटूच्या आत जा, अपडेट-ग्रब आणि अपडेट-इनिटरामएफएस दोन्ही चालव. जुनी डिस्क काढूनच टेस्ट कर, ती जोडलेली असताना चाललं तर ते चाललं असं धरू नकोस.